अकरा जणांची यादी

ती यादी माझ्या अक्षरात होती, हे आधीच सांगून टाकते.

पहिलीच्या वर्गावर मला तात्पुरतं नेमलं होतं. साहित्याची पदवी घेऊन मी नुकतीच बाहेर पडले होते. तिसऱ्या महिन्यात कार्यालयातून एक फॉर्म आला. जे मूल तोंडी दिलेल्या तीन सूचना पाळत नाही, त्याचं नाव लिहा. ऐकण्यात अडचण असू शकते. मी प्रामाणिकपणे तपासलं. उभा राहा. दार दाखव. वही उघड. सव्वीस मुलांपैकी अकरा जणांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी अकरा नावं लिहिली. अक्षर छान आलं होतं.

फॉर्म मोठ्या बाईंकडे पोचवायचं काम मावशींचं. मावशी म्हणजे शाळेच्या शिपाई. सत्तावीस वर्षं घंटा त्याच देत होत्या. व्हरांड्यात रुळाचा एक तुकडा टांगलेला होता, त्यावर लोखंडी दांडी. गावातले दुकानदार त्यांच्या टोलावर घड्याळ लावत. मावशींना वाचता यायचं, पण सावकाश, नावापुरतं. आमची मैत्री डब्यामुळे झाली. शिक्षकांच्या खोलीत माझ्यासाठी खुर्ची नव्हती. मी सामानाच्या खोलीत त्यांच्याशेजारी बसून जेवायचे.

त्या फॉर्म घेऊन दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"पोरी, ही अकराही आमच्या वस्तीतली."

"कुठल्या?"

"टेकडीपलीकडची. दगडखाणीवरची. सगळ्यांचे कान एकदमच गेले का? साथ आली होती की काय?"

फॉर्म त्यांना अडवता येणार नव्हता. तो त्यांनी पोचवला. मधल्या सुट्टीत मात्र मला हाताला धरून पाण्याच्या टाकीमागे नेलं.

"इथे उभी राहा. खोकू नकोस."

टाकीमागे माझी अकरा मुलं होती. आणि ती बोलत होती. एकमेकांवर ओरडत होती, नकला करत होती. एक जण कुणाची तरी चाल काढून दाखवत होता आणि बाकीचे पोट धरून हसत होते. चाल माझी होती. तीन महिने ज्यांच्या तोंडून मी एक अक्षर ऐकलं नव्हतं, त्यांना गप्प कसं करावं असा प्रश्न पडावा! त्यातला एक शब्द मला कळला नाही. चार वर्षं मी भाषा हा विषय शिकले होते.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"तुला सांगण्यासारखं नाहीये," मावशी म्हणाल्या.

संध्याकाळी वर्ग झाडताना त्यांनी मला शेवटच्या बाकावर बसवलं.

"ही माझी जागा. दोन वर्षं. मीपण त्याच वस्तीतली. या शाळेची भाषा म्हणजे मला नुसता आवाज वाटायचा, पत्र्यावर खडे पडल्यासारखा. मी तोंड उघडलं नाही. बाईंनी शेरा मारला, बुद्धी मंद. बापाने उचललं आणि खाणीवर नेलं. ही भाषा मी पुढे बाजारात शिकले, टोपली डोक्यावर घेऊन. सहा महिन्यांत. मंद होते म्हणून सहा लागले."

"आणि त्या दोन वर्षांत?"

"एवढंच शिकले की त्या खिडकीला सात गज आहेत." त्यांनी फडकं झटकलं. "अजून सातच आहेत. रोज पुसते."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मोठ्या बाईंकडे गेलो. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. वाईट माणूस नव्हे. टेबलावर फायलींचा ढीग, वरती त्यांचा चष्मा.

"यादी काल संध्याकाळीच गेली," त्या म्हणाल्या. "गुरुवारी कान तपासायला माणूस येतोय. जी मुलं नापास होतील, ती शहरातल्या निवासी शाळेत जातील. तिथे अशा मुलांची सोय असते."

"अशा म्हणजे कशा?" मावशींनी विचारलं.

"मावशी, मला कळतंय. पण उद्या परीक्षा याच भाषेत द्यायचीय ना त्यांना? लाड करून कसं चालेल?"

"परीक्षा देतील. पण प्रश्न विचारलाय हे आधी कळू दे त्यांना. वर्गात मला उभं करा. नव्या बाई सांगतील, मी त्यांच्या बोलीत सांगेन. रोज एक तास."

"तुमचं काम घंटा द्यायचं."

"ते तर करतेच."

मोठ्या बाईंनी चष्मा लावला. म्हणजे बोलणं संपलं.

बाहेर आल्यावर मला रडू आलं. मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या.

"तू कशाला रडतेस? तुला कुणी निवासी शाळेत पाठवत नाहीये. गुरुवारी वर्गाचं दार उघडं ठेव. बाकीचं मी बघते."

गुरुवारी कान तपासणारा आला. तरुण, घाईत, हातात यंत्राची पेटी. सामानाच्या खोलीत त्याने मांडामांड केली. पहिला मुलगा खुर्चीत बसला, तोच, माझी नक्कल करणारा. त्याच्या डोक्यावर हेडफोन चढले. तपासणारा समजावून म्हणाला, "आवाज आला की हात वर करायचा. बारीक आला तरी. कळलं?" मुलगा त्याच्याकडे बघत राहिला. यंत्रावरचा दिवा लागत होता, विझत होता. हात मांडीवरच. कागदावर खूण झाली. दुसरी मुलगी. पुन्हा तेच.

मधल्या सुट्टीची घंटा व्हायला दोन मिनिटं होती. मावशींनी दांडी खुंटीला अडकवली आणि आत आल्या.

"थांबा, साहेब. यांना तुम्ही काय सांगितलंत ते कळलेलं नाही."

"मावशी, तपासणी चालूय. आत कुणी थांबायचं नसतं. तुम्ही खूण केलीत तर?"

"बरोबर आहे. मग मी बाहेर सांगते, अकराही जणांना एकदम. आणि व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभी राहते. वाटलं तर डोळे बांधा."

त्याने दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "यादी मी केलीय. चुकलीय."

मावशींनी वर्गाच्या उघड्या दारातून अकराही मुलांना बाहेर बोलावलं आणि भिंतीशी बसवलं. त्याने तीन वाक्यांत सांगितलेलं त्यांनी एकाच वाक्यात सांगितलं. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. एवढंच होय, असं. मग मावशी वळल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. हात पाठीमागे.

नकला करणारा पुन्हा खुर्चीत बसला. दिवा लागला. हात वर. दिवा लागला. हात वर. यंत्राने आवाज अगदी बारीक केला, तरी हात वर. दुसरी. तिसरा. घंटा न झाल्यामुळे सगळी शाळा वर्गात अडकून पडली होती. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. मोठ्या बाई तणतणत व्हरांड्यात आल्या.

"मावशी! घंटा?"

"आज उशीर होणार," मावशी भिंतीला म्हणाल्या.

मोठ्या बाई दारात थांबल्या आणि मग तिथून हलल्या नाहीत.

दहा मुलं झाली. दहाही जणांना नीट ऐकू येत होतं. अकरावी मुलगी लहानखुरी, सतत मावशींच्या मागे मागे. तिला सगळे शेपूट म्हणायचे. उजव्या कानाला हात वर गेला. डाव्या कानाला गेला नाही. तपासणाऱ्याने आवाज वाढवला. नाही. त्याने मावशींना पुन्हा समजावून सांगायला लावलं. त्यांनी सांगितलं. शेपटाने मान हलवली, खुर्चीत नीट बसली, वाट पाहिली. हात मांडीवरच राहिला.

मावशींनी शेपटाच्या डाव्या कानावरचे केस बाजूला केले. इतका वेळ त्या सगळ्यांना ऐकू येतं म्हणून भांडत होत्या.

"माझ्या उजव्या बाजूला कधी बसायचीच नाही ही," शेवटी त्या म्हणाल्या. "डावीकडेच यायची. मला वाटायचं, लाडात येते."

तपासणारा मोठ्या बाईंना म्हणाला, "अकराही जणांवर खुणा करून मी आज निघून गेलो असतो. मग या एका कानाकडे कोण बघणार होतं?"

त्याने प्रत्येक मुलासाठी नवा फॉर्म घेतला. त्यात एक रकाना होता, सूचना कोणत्या भाषेत दिली. आठ वर्षांत त्याने तो भरलाच नव्हता. त्याने मावशींना भाषेचं नाव विचारलं आणि सावकाश लिहून घेतलं. अकरा वेळा.

मावशींनी घंटा दिली. वीस मिनिटं उशिरा. मग पदर खोचून मोठ्या बाईंसमोर उभ्या राहिल्या.

"पहिला तास. रोज."

"मावशी, हे नियमात बसत नाही."

"मी बसणारच नाही. उभी राहीन."

मोठ्या बाईंना हसू आलं, ते त्यांनी दाबलं. "आणि घंटा कोण देणार?"

"घंटा कुणालाही येते."

"एक महिना," मोठ्या बाई म्हणाल्या. "मग बघू."

आता पहिल्या तासाला मावशी फळ्याशी उभ्या राहतात, मी बाजूला. मी एक वाक्य सांगते, त्या सांगतात, मग मुलं सांगतात. कधी मी त्यांच्या बोलीत म्हणून बघते. मुलं बाकावर डोकं टेकून हसतात आणि मला पुन्हा म्हणायला लावतात. शेपूट पहिल्या बाकावर असते, डावा कान भिंतीकडे. तिच्या कानासाठी शहरातल्या दवाखान्यात अर्ज गेलाय. काल नकला करणाऱ्याने शाळेच्या भाषेत पहिलं पूर्ण वाक्य म्हटलं. "बाई, तुम्ही चुकलात." मावशींनी त्याला पुन्हा म्हणायला लावलं, माझ्याकडे बघत.

त्या तासाची घंटा आता मी देते. दोनदा उशीर झाला. टोल नीट पडत नाही, असं दुकानदारांचं म्हणणं आहे.

सोमवारी महिना संपतो. मावशी मोठ्या बाईंकडे विचारायला गेलेल्या नाहीत. त्यांनी फक्त मला बजावून ठेवलंय.

"पोरी, सोमवारी घंटा वेळेवर दे. मला तास पूर्ण पाहिजे."