होळीच्या आठवड्यातला पेपर

त्या दिवसांत देवावरचा विश्वास उडाला होता असं म्हणवत नाही, पण हात जोडायचाही कंटाळा आला होता, हे खरं. दिवसभर डोक्यावर रेतीची घमेली वाहायची, संध्याकाळी पेणकरपाड्यातल्या खोलीत येऊन भाकऱ्या थापायच्या, आणि दिवा लावताना जगदंबेला म्हणायचं काय, तेच सुचायचं नाही. आम्ही बंजारा. सोलापूरच्या पलीकडे आमचा तांडा, पोटासाठी मीरा रोडला बिल्डिंगच्या कामावर. एक बिल्डिंग उभी राहिली की दुसरीकडे जायचं, आणि पोरांची शाळा आमच्या मागून फरफटत यायची. तशा फरफटीतून माझी मुलगी दहावीला पोचली. माहेरी-सासरी दहावीचं तोंड पाहिलेलं दुसरं कुणी नाही. मी सातवीपर्यंत शिकले, मग भावंडं सांभाळायला घरी बसले.

आमच्यात होळी म्हणजे दिवाळीहून मोठी. कामावर असलेला सगळा जमाव गाडी करून तांड्यावर जातो. जाताना भाड्याची खोली सोडायची आणि परत आल्यावर नवी शोधायची, ही आमची नेहमीची रीत. त्या वर्षी माझ्या दिराला मुलगा झाला होता, म्हणजे होळीला त्याचा धुंड, बाळाचा मोठा कार्यक्रम. मी थोरली काकू. मी नसून कसं चालेल?

मुलीनं सांगितलं होतं, "याडी, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी भूमितीचा पेपर आहे." याडी म्हणजे आई. मी तिलाच हसले. "होळीत कुणी पेपर ठेवतं का गं, वेडे? आठवडाभर सुट्टीच असणार." मला खरंच तसं वाटत होतं. आमच्या तांड्यावर होळीच्या दिवसांत शाळेचं दारसुद्धा उघडलेलं मी कधी पाहिलं नाही. ती पुन्हा एकदा बोलली आणि मग गप्प झाली. बाप आणि काका बसलेले असताना आमच्या मुली फार वाद घालत नाहीत.

होळीच्या आदल्या दुपारी गाडी भरली. टपावर बोचकी, आत आम्ही. गाडी सुटणार एवढ्यात मुलीच्या मॅडमचा फोन आला. नवऱ्यानं तो माझ्या कानाला लावला. "अहो, सुट्टी फक्त होळी-धुळवडीची. पेपर आहेच. नाही बसली तर पोरीचं वर्ष जाईल हो."  मागं वळून पाहिलं तर पोरगी खिडकीकडे तोंड करून रडत होती, आवाज न करता. गाडीत एकच कालवा झाला. कुणी म्हणालं, वर्ष गेलं तर गेलं, मुलीच्या जातीला काय करायचंय. नवरा म्हणाला, "तांड्यात काय तोंड दाखवू मी?" त्या माणसासमोर मी कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी मात्र म्हणाले, "तुम्ही जा. आम्ही दोघी उतरतोय." हे शब्द कुठून आले, देवी जाणे. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारत होता.  नवरा टपावर चढला, ताडपत्री सोडली, सगळी बोचकी उपसून पुस्तकांची पिशवी काढली आणि पोरीच्या हातात दिली. मग गाडी गेली.

खोलीवर आलो तर तिथं दुसऱ्यांचं सामान लागलेलं. गल्लीतली आमची सगळी माणसं गावी. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो आणि तिथं मी देवीशी मनातल्या मनात कडाकडा भांडले. एवढं धाडस दिलंस, आता डोक्यावर छप्पर कोण देणार? इतकी थकले होते की रडूसुद्धा धड येईना.

"कला बसलीस गो बाय इथं?" का बसलीस, असं विचारत डोक्यावर टोपली घेतलेली एक कोळीण मावशी समोर उभी. जवळच्या मुर्धा गावची. ती रोज बेव्हर्ली पार्कला मच्छी विकायला बसायची. त्या दिवशी मच्छी उरली म्हणून गल्लीबोळांत फिरत आमच्यापर्यंत आली होती. मी सगळं सांगून टाकलं. तिनं ना जात विचारली, ना गाव. म्हणाली, "पोरीचा पेपर हाय ना? मग घरा चल. जागा हाय."

मावशीनं तिच्या घरातली मागची खोली पोरीला दिली. दुसऱ्या दिवशी होळी. गावातल्या पोरांनी दारातच बाजा सुरू केला, तशी मावशी पदर खोचून बाहेर गेली. "पोर अभ्यास करते, कान हाय का न्हाय तुमाला? खाडीकडं जाऊन वाजवा!" पोरं कुरकुरली, पण गेली.

रात्री गावाची होळी पेटली. तांड्यावरचा भोग, म्हणजे देवीचा नैवेद्य, माझ्या जन्मात पहिल्यांदा चुकला होता. देवी कोपेल, ही भीती होती. मावशीनं माझ्या हातात पुरणपोळी ठेवली. ती अग्नीत सोडली आणि आमच्या बोलीत अरदास, म्हणजे प्रार्थना, पुटपुटले. पण मागायचं काय? पोरगी पास होऊ दे, असंसुद्धा तोंडातून निघेना. तुझ्या हवाली, एवढंच म्हटलं. शेजारी मावशीही हात जोडून उभी होती. तिला एक शब्द कळला नसेल. पण माझी भीती गेली ती तिथंच.

लोक म्हणतील, एका भल्या बाईनं आसरा दिला, यात देव कुठून आला? मी वाद घालत नाही. मला दिसली ती देवीच.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी पेपर सुटला तेव्हा मी शाळेच्या फाटकापाशी उभी होते. पोरगी आली, हसली. "सगळा लिहिला गं, याडी." बस स्टॉपवर बसलो, तर बोलता बोलताच ती माझ्या मांडीवर डोकं टेकून झोपी गेली. मुर्ध्याकडची बस आली. कंडक्टर म्हणाला, "चलो, आना है क्या?" मी मान हलवली, नाही. बस गेली. मग दुसरीही आली, तीही जाऊ दिली. पोरीच्या केसांवरून हात फिरवत मी बसून राहिले.