वाळूची ऊब

नेरच्या कापूस बाजाराजवळ बसणाऱ्या त्या शिंप्याचे नाव मी कधी विचारले नाही. बोलण्यापूर्वी तो ओठांत धरलेला दोरा काढून कानावर ठेवी आणि बोलून होताच पुन्हा ओठांत धरी. त्यामुळे त्याचे भाषण सदैव संक्षिप्त असे.

त्याचा वृद्ध पिता रात्रभर बाजारातल्या कापसाच्या गंज्या राखी. तेथे शेकोटीला सक्त मनाई होती. मागच्या हिवाळ्यात थंडी छातीत भरून म्हातारा मरता मरता वाचला होता.

पौषातल्या एका पहाटे मी नदीवर स्नान करून वर आलो, तो हा शिंपी काठावर उघड्यावर बसलेला. अंगात नवी जाड बंडी, तिच्या आतल्या खिशांत तापविलेल्या वाळूच्या पुरचुंड्या. उघडे पाय थरथरत होते. मी माझी शाल पुढे केली.

"नाही महाराज. पांघरलं तं बंडी पुरते का नाही, मले कसं समजन?"

"अरे, तुला ज्वर येईल!"

"मले आला तं घरी झोपीन. बुढा कुठी झोपते? तो तं तसाच राखनीले जाते. अन् त्याचा खोकला याच येळी उठते."

मी शेजारी बसलो. सूर्यबिंब वर आले, तेव्हा त्याने बंडीत हात घालून वाळू चाचपली आणि बालकासारखा हसला.

"कोमट हाय अजून! हात लावून पाहा न, महाराज."

माझे स्नान झालेले होते, संध्या व्हावयाची होती; तोवर कोणाला शिवावयाचे नव्हते. तरीही मी त्याच्या छातीवर तळवा ठेवला, आणि बराच वेळ तो तेथून काढला नाही.