बोक्याची खोड

आमच्या घोडेगावात जनावरांची पारख कल्याणशेठसारखी कुणाला नाही, हे गावात कोणीही सांगेल. सगळ्यांच्या आधी कल्याणशेठच सांगेल. बाजारच्या दिवशी टोपी तिरपी करून तो जनावरांत शिरतो, म्हशीचे दात बघतो, शेपटी उचलतो आणि रुमालाखाली बोटं दाबून सौदा उरकून टाकतो. तीस वर्षं त्याची दलाली चालू आहे आणि तीस वर्षं मी त्याच्या शेजारी राहते. मास्तरकीत हजारभर पोरं माझ्या हाताखालून गेली, त्यांत ढ पोरं पुष्कळ होती, पण ढपणाची एवढी ऐट मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही.

त्याची विद्या फार मोठी नाही. गाय विकायची असली की आदल्या दिवशी तिचं दूध काढायचं नाही. कास टम्म फुगते, गिऱ्हाईक भुलतं. गाय कळवळते, पण ते कळवळणं शेठला ऐकू येत नाही. लाथाळ म्हैस असली तर ती लांबच्या गावच्या माणसाच्या गळ्यात मारायची. जनावराला खोड का लागली, हे त्यानं जन्मात कधी विचारलेलं नाही. खोड झाकायची नाहीतर खपवायची, एवढंच त्याला येतं.

त्याची बायको विजयमाला. बोलणं कमी, काम फार. मुलगी ज्ञानेश्वरी लग्न होऊन राहात्याला गेली, तेव्हा हिचं घर एकदम रिकामं झालं. त्याच पावसाळ्यात गटारीत सापडलेलं एक तांबूस पिल्लू तिनं कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून जगवलं. त्याचा पुढं चांगला दांडगा बोका झाला. नाव गबऱ्या. ती भाकरी थापायला बसली की तो तिच्या मांडीला पाठ लावून बसायचा. त्या घरात तिच्याजवळ आपण होऊन येऊन बसणारं दुसरं कोणी नव्हतं.

गेल्या दिवाळीत शेठनं नवीन सोफा आणला आणि त्यावरचं प्लास्टिक काढायचं नाही असा हुकूम काढला. पाहुणा बसला की कुरकुर आवाज होतो, तो आवाज शेठला श्रीमंतीचा वाटतो. सोफ्याची राखण करायला म्हणून मग एक डॉबरमन कुत्रा आणून परसात बांधला. परसातल्या ज्या भुसभुशीत मातीत गबऱ्या रोज जायचा, बरोबर तिथंच खुंटा ठोकला. कुत्रा दिवसभर भुंकायचा. गबऱ्या कपाटावर चढून बसला तो उतरेना. आणि आठ दिवसांत घरात मुतायला लागला. आधी कोपऱ्यात, मग शेठच्या चपलांत, मग सोफ्यावर. प्लास्टिकचा पहिला खरा उपयोग त्या दिवशी झाला.

कुठल्याही शेंबड्या पोराला कळलं असतं की बोक्याची जागा गेली आणि वर भीती बसली. जनावरांचा जाणकार मात्र खवळला. त्यानं बोक्याचं नाक ओल्यात घासलं. फिनेल ओतलं. सोफ्याभोवती तिखट टाकलं, आणि त्या तिखटानं स्वतःच दोन दिवस शिंकत बसला. जितका तो ओरडायचा तितका बोका जास्त मुतायचा.

माझी भाची शॅरन नगरला कुत्र्यामांजरांची डॉक्टर आहे. एका रविवारी ती माझ्याकडे आली होती, तेव्हा मीच तिला शेजारी नेलं. तिनं शांतपणे सांगितलं, "काका, ही खोड नाही. तो घाबरलाय. कुत्रा दुसरीकडे बांधा, घरात एका कोपऱ्यात मातीचं घमेलं ठेवा, त्याला रागवू नका आणि पाणी भरपूर प्यायला द्या. एकदा तपासायला पण आणा."

शेठ हसला. "पोरी, तुझ्या वयाइतकी वर्सं मी जनावरं हाताळतोय. मांजराला घमेलं! उद्या म्हनशील पलंग द्या." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, शिकवून शिकवून तुमी मानसं कामातनं घालवली."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, पण ह्याच्या बाबतीत बैलाची जागा बोक्यानं भरून काढली.

पुढच्याच आठवड्यात शेठला बैल बघायला मिरजगावला जायचं होतं. जायच्या आधी त्यानं आपला उपाय ओसरीवर उभं राहून गल्लीला ऐकू जाईल असा जाहीर केला. "पानी बंद, मूत बंद. दोन दिवसांत खोड मोडती का न्हाई बघा!" गाईची कास तुंबवणाऱ्या डोक्यातून दुसरं काय निघणार? त्यानं बोक्याला मानगुटीला धरून पेंडीच्या खोलीत कोंडलं, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकून गेला.

विजयमाला दिवसभर त्या दाराशी बसून होती. दाराखालच्या फटीतून तिनं पाणी सारून बघितलं, ते पेंडीच्या पोत्यात जिरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्याकडे आली. तोंड पांढरंफटक.

"बाई, त्याचा आवाज बदललाय."

मी जाऊन कान लावला. तो ओरडत नव्हता, कण्हत होता. मी म्हटलं, "कुलूप तोड."

"ह्ये मला घरात घेनार न्हाईत."

ती दाराकडे बघत राहिली, मग गोठ्यात गेली आणि पहार घेऊन आली. तिसऱ्या घावाला कोयंडा निघाला. आत गबऱ्या पुन्हा पुन्हा मुतायला बसत होता आणि थेंब पडत नव्हता. टोपल्यात घालून, वर लुगड्याची चिंधी बांधून आम्ही त्याला मिळेल त्या जीपनं नगरला नेलं.

शॅरननं भूल देऊन बारीक नळी घातली, तेव्हा लालभडक मूत्र आलं. ती म्हणाली, "भीतीनं आधीच आतून सूज होती, त्यात पाणी नाही. वाट बंदच झाली. उद्या आणला असता तर वाचला नसता. किती कळा सोसल्या असतील यानं!"

"लई कळ येती," विजयमाला बोक्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली. "आदी वटीपोटात येती, मंग पाठीत जाती. मंग काय सुचत न्हाई."

शॅरननं तिच्याकडे चमकून पाहिलं. तिनं नुसता पदर सारखा केला.

गबऱ्याला दवाखान्यात ठेवून आम्ही परतलो. दुसऱ्या दिवशी शेठ आला. उखडलेला कोयंडा बघून ओसरीवरच तांडव सुरू झालं. मी मधल्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिले.

"कुलूप कोनी तोडलं?"

"मी," विजयमाला म्हणाली.

"तू? एका बोक्यापायी माझं दार फोडलंस?"

"मरत हुता त्यो."

"अगं, पानी न्हाई तर मूत न्हाई, सरळ हिशेब हाय. तुला काय कळतंय त्यातलं?"

"मलाच कळतंय," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तीस वर्सं दर बाजाराला तुमच्या जनावरांपाशी बसते मी. सकाळी सातला बसवता, दिस मावळता उठवता. बाईमानसाला जायाला तितं आडोसा न्हाई. म्हनून आदल्या सांजंपासनं मी पानी पीत न्हाई. दोनदा मुतखडा झाला, तवा तुमी म्हनला, हिला सोसत न्हाई. गिऱ्हाइकाला चा सांगता, तवा मलाबी इचारता. मी नको म्हनते. तुमाला वाटतं, मला चा आवडत न्हाई."

तिनं उखडलेला कोयंडा उचलून त्याच्यासमोर ठेवला.

"परवा गबऱ्या घरी यील. त्याच्या आदी कुत्रं परसातनं हलवा. आन हितनं फुडं बाजाराला मी यायची न्हाई."

एवढं ऐकूनही त्या शहाण्याला सुचलं काय? "मंग आदी सांगायचं की!"

त्याला झोंबेल असं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. तीस वर्षं मी त्याला मनात नावं ठेवत आले, ती सगळी एका दमात ऐकवायची हीच वेळ होती. पण माझं तोंड उघडेना. बाजारच्या दिवशी मीही तिथं भाजीला जाते. उन्हात बसलेली विजयमाला दिसली की थांबते, पिशवीतली पाण्याची बाटली पुढं करते. ती मान हलवते. मी तिच्या काटकपणाचं कौतुक करते, आणि घरी यायची घाई असते म्हणून निघून येते. मला का घाई असते, ते मला चांगलं माहीत आहे. तिला कधी लघवीला लागत नसेल का, हे मात्र मी बाई असून एकदाही विचारलं नव्हतं.