हात पुन्हा धुवावे लागले

माझा देवावरचा विश्वास डळमळला तो कुठल्या मोठ्या दुःखामुळे नव्हे. कारण सांगायला आज लाज वाटते आणि हसूही आवरत नाही. महिना होत आला तरी आमच्या भागात कुणी बाळंत होईना, म्हणून मी देवावर रुसून बसले होते.

लढाईची वर्षं होती ती. मी नवापूरकडच्या डोंगरातली, शेतकऱ्याची मुलगी. घरात आम्ही आमची डोंगरातली आदिवासी कोकणी बोलायचो, रविवारी उपासनेला जायचो आणि उरलेले दिवस भात लावायचो. त्यातून उठून मी नर्सिंगची परीक्षा दिली, रजिस्टरला नाव लागलं आणि माझे पाय जमिनीला लागेनासे झाले. कडक इस्त्रीची पांढरी साडी, डोक्यावर टोपी, छातीवर पिनेनं लटकवलेलं घड्याळ. घड्याळ बंदच असायचं, पण मी दर थोड्या वेळाने ते उचलून बघायची आणि भुवया आवळायची. नर्सिंगनंतर सुईणकामाचं वरचं शिक्षण घेतलं की आपण कुणीतरी फार मोठ्या होणार, अशी माझी खात्री होती. त्या शिक्षणाच्या शेवटी आम्हा दोघींना, म्हणजे मला आणि माझ्याबरोबरच्या रूथला, तळोद्याच्या बाजूच्या एका लहानशा दवाखान्यात पाठवलं. वाड्यावस्त्यांवर जाऊन ठरावीक बाळंतपणं स्वतःच्या हाताने करायची, आणि ती तिथल्या मोठ्या सिस्टरांच्या डोळ्यांसमोर झाली तरच हिशोबात धरायची, असा नियम. रूथची पुरी झाली. माझं एक अडलं. ते झालं नाही तर मला परीक्षेला बसता येणार नव्हतं, पुढच्या तुकडीची वाट बघत तिथेच राहावं लागणार होतं.

आणि नेमका मोहाच्या फुलांचा हंगाम सुरू झाला. फुलं पडायला लागली की डोंगरातल्या बायका पहाटेच रानात जातात, पोटुशी असो की म्हातारी. दवाखान्याकडे कोण फिरकणार? आमचा व्हरांडा ओस पडला. मी रोज सकाळी वाटेकडे डोळे लावून बसायची, जशी काही दुकानदारीण गिऱ्हाइकाची वाट बघते. संध्याकाळच्या प्रार्थनेत सगळे लढाईवर गेलेल्यांसाठी, आजाऱ्यांसाठी मागायचे. मी डोळे घट्ट मिटून मागायची, "प्रभू, एक बाळंतीण पाठव. एकच." एकदा ते जरा मोठ्याने निघून गेलं. रूथ पदरात तोंड खुपसून हसली आणि म्हणाली, "अगं, त्यापेक्षा तूच लग्न कर आणि तूच बाळंत हो. सिस्टर तेवढं धरतील." मोठ्या सिस्टर मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "बाई गं, प्रार्थना ऐकली जाते हे लक्षात ठेवून मागत जा." मला वाटलं, ऐकली जाते कुठे? ऐकली असती तर एव्हाना एखादी आली नसती का?

आली. पण सिस्टर नंदुरबारला औषधं आणायला गेल्या होत्या आणि रूथ तापाने पडली होती, अशा दुपारी. खाल्या नावाचा एक डोंगरातला माणूस धापा टाकत व्हरांड्यात आला. त्याची बायको जातरी आदल्या दिवसापासून अडली होती. तिला तो बैलगाडीतून दवाखान्यात आणत होता, पण वाटेतल्या ओढ्याशी तिला धक्के सोसवेनात, म्हणून गाडी तिथेच सोडून तो एकटाच पळत आला होता. माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? त्या बाईचा नव्हे. पहिला विचार आला, की सिस्टर नाहीत, म्हणजे हे बाळंतपण धरणार नाहीत! आज तेव्हाच्या माझ्यातल्या त्या पोरीच्या कानाखाली एक वाजवावीशी वाटते. पण तीच पोरगी पिशवी उचलून, उकळलेल्या पाण्याची किटली खाल्याच्या हातात देऊन, त्याच्या मागे पळत सुटली हेही खरं. सिस्टर आल्या की ओढ्याकडे पाठव, एवढा निरोप रूथजवळ ठेवला.

ओढ्याकाठी करंजाच्या सावलीत गाडी उभी होती. जातरी तिच्यात आडवी पडलेली, ओठ कोरडे, आवाज बसलेला. तिची सासू तिला मागून धरून बसली होती आणि आपल्या देवीला, याहा मोगीला, हाका मारत होती. मी रुबाबात हात धुतले, लायसॉलच्या पाण्यात बुडवले, तपासलं, आणि माझा सगळा रुबाब त्या ओढ्यात वाहून गेला. डोक्याच्या जागी बूड होतं. मूल पायाळू.

पायाळू मुलाचा धडा मला तोंडपाठ होता. सिस्टर शिकवताना स्वतःचे हात पाठीमागे बांधून दाखवायच्या. आईला खाटेच्या काठाशी घ्यायचं, मुलाला आपल्या भाराने खाली येऊ द्यायचं, आणि ओढायचं नाही. ओढलं की त्याचे हात वर डोक्याशी जातात आणि डोकं आत अडकतं. मानेवर केसांची रेघ दिसेपर्यंत थांबायचं, मग उचलायचं. वर्गात हे मी असं घडाघडा म्हणून दाखवलं होतं की सिस्टर म्हणाल्या होत्या, शाब्बास. पण वर्गात ते लोंबतं निळसर अंग कुठे होतं? जातरीला मी गाडीच्या मागच्या काठाशी घेतलं. बूड आलं, पाय आले, बेंबीपर्यंत मूल बाहेर आलं आणि कळा थांबल्या. सगळं थांबलं. खाल्या बैलांच्या तोंडाशी उभा राहून माझ्याकडे बघत होता. सासू म्हणाली, "बाई, ओढ ना. पोर मरी जाई." आणि मला तेच हवं होतं. कुणीतरी सांगावं आणि मी ओढावं. तोंडाने मी प्रार्थना करत होते, "प्रभू, ही नको होती मला, ही बाळंतीण परत घे," असलं काहीतरी वेड्यासारखं, आणि माझे हात मुलाच्या कमरेकडे निघाले होते.

तेवढ्यात कुणीतरी माझी दोन्ही मनगटं पकडली.

ओढा ओलांडून एक बांगड्यावाली आली होती. होळीआधीच्या बाजारांना निघालेली असावी. डोक्यावरची टोपली तिने खाली ठेवली होती, ते मला कळलंसुद्धा नव्हतं. अंगाने दणकट, दात तंबाखूने काळे, आणि पकड अशी की सुटता सुटेना. बांगड्या भरताना धरतात तशीच, अंगठा तळव्यात रुतवून.

"तुन्हा हात कितला कापी ऱ्हायनात वं माय!" ती म्हणाली. "आन् हातमा एक बी बांगडी नही. नवरा मरी ग्या का?"

"सोडा! माझे हात धुतलेले आहेत!"

"धुयेल ऱ्हाऊ दे. मी काय तुन्हा हात खाई जासू का? हात ढिला सोड. ताठ धरा ना, तं काच फुटस आन् मनगटले लागस."

तिला वाटलं असेल, पोरगी घाबरली आहे, धीर द्यावा. किंवा हात दिसला की धरायचा, ही तिची सवयच असेल. मला ते काही कळत नव्हतं. मी हिसका देऊन हात सोडवले. तिच्या बोटांची माती आणि तंबाखू माझ्या तळव्यांना लागलेली. असल्या हाताने मुलाला शिवणार कशी? सिस्टरांनी हाडात भिनवलेला तेवढा एक नियम मात्र त्या वेळी माझ्या कामी आला. मी तिच्यावर करवादले, "बघा, आता पुन्हा धुवायला लागणार!" आणि बाजूला ठेवलेल्या घमेल्याशी गेले. खाल्याने किटलीतलं पाणी ओतलं. साबण हातातून निसटला, मातीत पडला, तो आधी धुवावा लागला. मी रडत होते आणि धूत होते. नखं, बोटांच्या बेचक्या, मनगटं. बांगड्यावाली जातरीच्या केसांवरून हात फिरवत सासूला सांगत होती, "कसाले वरडस? ज्याले येनं शे, तो यी जाई."

मागे जातरीने एक खोल हुंकार दिला. मी वळून बघितलं तर कळ येऊन गेली होती. खांदे बाहेर आले होते, दोन्ही हात आपोआप सुटून खाली आले होते, आणि मूल स्वतःच्या भाराने लोंबत होतं. मानेवर काळ्याभोर केसांची रेघ. अगदी सिस्टरांनी सांगितली होती तशी.

तेव्हा मी पाय धरले आणि उचललं. तोंड आलं, कपाळ आलं, डोकं आलं. मुलगी होती. आधी गप्प, मऊ पडलेली. मी तोंड साफ केलं, पाठ चोळली, आणि ती अशी किंचाळली की बैलांनी मान झटकली. सासू हसत-रडत जमिनीवरच बसली. बांगड्यावालीने बाळाच्या मनगटात काळ्या मण्यांची मनगटी चढवली, निघता निघता सासूच्या हातात दोन हिरव्या बांगड्या भरल्या, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तुन्हा लगीनले मी यीसू. पण हात असाच ताठ धरशी ना, तं नवरा पळी जाई." टोपली उचलून ती वाटेला लागली. तिचं नाव, गाव विचारायचं राहून गेलं. पुढे कितीतरी बाजारांत मी तिला शोधलं. सापडली नाही. ती देवदूत होती असं मी म्हणत नाही. देवदूत तंबाखू खात नसावेत. पण ती त्या क्षणी आली नसती तर मी ओढलं असतं, एवढं मला ठाऊक आहे. त्यापुढचा हिशोब मी कधी मांडला नाही. मांडवत नाही.

सिस्टर आल्या तेव्हा उन्हं कलली होती. त्यांनी आईला तपासलं, मुलीला तपासलं, मग मला विचारलं, "ओढलंस?" मी म्हटलं, "नाही. मी हात धूत होते." सगळी हकिकत त्यांनी मुलीला गुंडाळून आईच्या कुशीत देता देता ऐकली. मग म्हणाल्या, "मी नव्हते, म्हणून हे धरता येणार नाही हो." आणि मला काय झालं कोण जाणे, मी खो खो हसत सुटले. ज्या एका बाळंतपणासाठी मी महिनाभर देवाचं डोकं खाल्लं, ते त्याने दिलं होतं. माझ्या मागणीप्रमाणे नव्हे, स्वतःच्या रीतीने दिलं. मोह संपला, पाऊस तोंडावर आला तेव्हा माझं राहिलेलं एक झालं. तोवर थांबण्याचं मला काहीच वाटेनासं झालं होतं.

त्यानंतर आयुष्यभर मी हेच काम केलं. अक्कलकुव्याकडे, म्हसावदकडे, कधी गाडीतून, कधी पायी. अडलेल्या बाईपाशी बसले की आधी हात मांडीवर ठेवून मी क्षणभर गप्प बसायची. लोक म्हणायचे, ही नर्सबाई काहीच करत नाही. खरं होतं ते. जे करायचं ते मला सोडून दुसराच कुणीतरी करत होता. मी आपली हात स्वच्छ ठेवून त्याच्या दारात उभी. मनात येतं, उत्तर मिळत नाही म्हणून आपण देवावर रुसतो, तेव्हा तो बहुधा आपल्याला घमेल्याशी हात धुवायला पाठवून स्वतः कामाला लागलेला असतो.

जातरीची लेक पुढे मला एकदा अक्कलकुव्याच्या बाजारात भेटली. कडेवर तिचंच मूल. पायाळू माणसाने पाय लावला की धरलेली कंबर सुटते, असं आमच्याकडे म्हणतात, आणि त्या आठवड्यात माझी कंबर भारी धरली होती. मी इतकी शिकलेली बाई, भर बाजारात तिच्यापुढे पाठ करून उभी राहिले. म्हटलं, "तुला मी उचललं होतं. आता फेड." ती लाजून लाजून लाल झाली, मग एकदाचा पाय लावला. कंबर सुटली की नाही ते सांगत नाही. पण घरी येईपर्यंत मी हसत होते आणि प्रभूचे आभार मानत होते.

आता मी थकले. सुना म्हणतात, आजी दिवसभर नुसती बसून असते. असू दे. तिकडे जायची वाट बघणं हेही बाळंतपणासारखंच असणार, असं मला वाटतं. कुठून, कसं, किती वेळात, हे मी विचारत नाही. महिनाभर हट्ट धरून बसणारी ती पोरगी मला रोज आठवते, आणि तिच्यावतीने मी रोज एकच प्रार्थना करते. प्रभू, तुझ्या वेळेने होऊ दे. मी ओढणार नाही.