लेझरचा खर्च आणि अण्णांचे गाल

लग्न ठरल्यावर गालांवरचे मुरमांचे खड्डे घालवायचेच, असा मी हट्ट धरला. नवलाख उंबरे गावातल्या कारखान्यातून सुट्टी काढून वडील मला लोणावळ्यात त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरबाईंनी लेझरचे आठ हजार सांगितले. वडील लगेच म्हणाले, “करून टाका, मॅडम.”

“हे एका वेळचे. असं सहा वेळा तरी करावं लागेल. आणि खड्डे पूर्ण जातीलच असं नाही.”

मी मनातच हिशेब केला, अठ्ठेचाळीस हजार. “एवढं देऊन बी ऱ्हानारच?” वडिलांनी विचारलं.

बाई त्यांच्याकडे पाहत म्हणाल्या, “हिची त्वचा तुमच्यावरच गेलीय.”

मी वळून बघितलं. त्यांच्याही गालांवर अगदी माझ्यासारखेच खड्डे होते! जन्मापासून रोज पाहिलेला चेहरा, आणि मला ते कधी दिसलेच नव्हते. खर्चापेक्षा त्यानंच मी जास्त हादरले.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, “तुला पायजे आसंल तर बगतो मी कायतरी.”

“नको, अण्णा.”

लेझर राहूनच गेलं. आरशासमोर कधीकधी अजूनही वाईट वाटतं, पण पहिल्याइतकं नाही.