वाढत्या मापाचे बूट

दयाराम घरत याने आयुष्यात एकच गोष्ट लपवली, ती म्हणजे आपले पाय. प्यायला तर सांगून, भांडला तर चारचौघांत. पण पाय मात्र त्याने लग्नाच्या फोटोतसुद्धा पाटाखाली सरकवलेले आहेत. आखूड, चवड्याशी सुपासारखे पसरलेले, आणि पाची बोटं एकमेकांशी अबोला धरल्यासारखी फाकलेली. हळदीच्या मांडवात सगळी भावकी डीजेपुढे अंग घामाने भिजेपर्यंत नाचायची, तेव्हा हा गडी खुर्ची धरून पाहुण्यांना पाणी विचारायचा.

अशा माणसाला वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी पायांनीच करायच्या नाचाचं वेड लागावं, याला काय म्हणावं!

बंदरात अठ्ठावीस वर्षं ट्रेलर चालवून दयाराम करंजाड्याच्या फ्लॅटवर निवांत झाला होता. नात भाविका खारघरच्या एका डान्स क्लासला जायची, आणि तिला सोडणं-आणणं आजोबाकडे. एका संध्याकाळी तो जिना चढत असताना वरून आवाज आला. आधी त्याला वाटलं, कुणीतरी ताशावर हात साफ करतंय. दारात जाऊन पाहतो तर ताशा नाही, ढोल नाही. लाकडी फळ्यांवर क्लास घेणाऱ्या रुचिरा मॅडम एकट्या उभ्या, कमरेवर हात, आणि खाली त्यांचे दोन पाय बोलतायत. हो, बोलतायत. प्रश्न विचारतायत, उत्तर देतायत, मधेच थांबून चिडवतायत. बुटांच्या चवड्याला आणि टाचेला धातूची एकेक पट्टी ठोकलेली, बस्स, एवढंच भांडवल. टॅप डान्स म्हणतात याला. दयाराम भाविकाची पाण्याची बाटली छातीशी धरून आ वासून उभा राहिला. पायातून असं काही निघू शकतं हे त्याला एकोणसाठ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

भाविकाने तीन आठवड्यांत नाच सोडला आणि स्केटिंग धरलं. आजोबा मात्र क्लासमध्येच राहिले.

बूट मागवायची वेळ आली तेव्हा रुचिरा वही घेऊन बसली. "काका, साइज?"

"नऊ," दयाराम छाती काढून म्हणाला.

या नऊची एक कथा आहे. दयाराम चौदा वर्षांचा असताना त्याच्या आईने, जनीने, मामाच्या लग्नासाठी त्याला पहिले बूट घेतले. पनवेलच्या बाजारात दुकानदाराने सात नंबर काढला, तशी जनी म्हणाली, "पोराचा पाय वारतं, मोटा दे." आपल्याकडे पोरांचं सगळं असंच. शर्ट वाढत्या अंगाचा, चड्डी वाढत्या अंगाची, चपला वाढत्या मापाच्या. नऊ नंबर घेतला, पुढे कापसाचा बोळा कोंबला, आणि पाय वाढायची वाट पाहणं सुरू झालं. पाय लांबीला वाढलाच नाही. जो काही वाढला तो आडवा. पण वाढायचं संपलंय, हे दयारामला कुणी कळवलं नाही. आडव्या पायाला नऊ नंबरात ऐसपैस वाटायचं, म्हणून तो आजवर दुकानात शिरला की नऊच मागायचा आणि घरी येऊन गुपचूप बोळा कोंबायचा. पंचेचाळीस वर्षं! इतका काळ माणूस देवावरसुद्धा इतका विश्वास ठेवत नाही.

टॅपचे बूट आले. काळे, नाडीचे, चकचकीत. दयारामने त्यांनाही इमानाने कापूस कोंबला.

सहा महिने तो घाम गाळत होता. हाताने ताल धरला तर अख्ख्या वर्गात त्याच्याइतका पक्का कुणी नव्हता. म्हणूनच पनवेलच्या नाट्यगृहातला कार्यक्रम ठरला तेव्हा रुचिराने त्याला मधल्या आठ मात्रा दिल्या. सगळे थांबणार, दिवा एकट्या काकांवर, आणि आठ मात्रा फक्त त्यांचे पाय. दयाराम त्या दिवशी रिक्षाने न जाता खारघरच्या स्टेशनापर्यंत चालत गेला, कारण त्याला बसवेना.

पण हातातला ताल पायात उतरेना. जिथे 'टक्' हवा तिथे 'ट-टक्' यायचं. एकाचे दोन. हळू केलं तरी दोन, जोरात केलं तरी दोन. कार्यक्रमाला पंधरा दिवस उरले तेव्हा रुचिराने त्याला बाजूला घेतलं. मुलगी चांगली आहे, बोलताना तिचाच चेहरा पडला होता.

"काका, पुढच्या शनिवारपर्यंत साउंड क्लीन नाही झाला ना, तर ते आठ काउंट मी करते. तुम्ही मागच्या रांगेत राहा, साध्या बुटांवर. या वयात पाय थोडा उशिरा ऐकतो, तुमची चूक नाहीये."

मागच्या रांगेत, साध्या बुटांवर. म्हणजे पाय हलणार आणि आवाज नाही. म्हणजे पुन्हा लग्नातला फोटो.  दयारामला त्या आठ मात्रा हव्या होत्या. इतकं काही त्याने आयुष्यात मागितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो इमारतीच्या गच्चीवर प्लायवूडची फळी टाकून मुकाट पाय आपटू लागला. शेजारी जनी सुकट निवडत बसली होती. एक्क्याऐंशी वर्षांची म्हातारी. दिसतं बेताचं, पण कान अजून तिखट. बराच वेळ ती ऐकत राहिली आणि सूप खाली ठेवून म्हणाली,

"दया, जमीन बसली नाय अजून."

"आये, ही गच्ची हाय. मिठागर नाय."

"मना ठाव हाय. पाय दोन, आन आवाज चार येतान."

दयाराम थबकला. मिठागर म्हटलं की त्याला पाचव्या वर्षापासूनचं सगळं आठवायचं. पाऊस सरला की मिठागराचे वाफे उपसायचे, आणि मग गावातली माणसं खांद्याला खांदा लावून, ओळीने, अनवाणी पायांनी वाफ्याची जमीन तुडवायची. पोरंसुद्धा. सुरुवातीला पाय पडला की दोन आवाज यायचे, एक पाय टेकल्याचा आणि एक चिखलाने पाय सोडल्याचा. तुडवून तुडवून चिखल दगडासारखा घट्ट व्हायचा आणि मग एकच आवाज निघायचा, कोरडा, खणखणीत. बांधावर त्याचा बाप, दाजी, मान कलती करून ऐकत उभा असायचा. चाळीस पायांत एखादा जरी पाय दोन आवाज काढत असला तरी त्याला कळायचं. ओळ पुन्हा मागे फिरायची. आणि मग एका क्षणी दाजी हात वर करून ओरडायचा, "बसली! पानी सोरा!" तो शब्द येईपर्यंत समुद्राचं पाणी आत घ्यायची कुणाची छाती नव्हती.

"तुजा पाय बरोबर परतं," जनी म्हणाली. "पायाच्या आन जमिनीच्या मदी कायतरी सैल हाय."

मधे काय होतं? मधे बूट होता. दयाराम फळीवर बसला आणि बुटाची नाडी सोडू लागला.

जुन्या पनवेलात मार्केटच्या मागच्या गल्लीत कुंदनचं दुकान आहे. ज्यांचे पाय दुकानातल्या मापात बसत नाहीत, साखरेचे रोगी, अपघातवाले, त्यांना तो हाताने बूट करून देतो. दयाराम सकाळी दहाला जाऊन धडकला, तर कुंदनने त्याला हाकललं. "चारनंतर या दादा. दिवसभर चालून पाय भरतो, तेव्हाचं माप खरं. आणि नाचताना घालता तेच मोजे आणा, जाडे नकोत."

चारनंतर कुंदनने टॅपचा बूट हातात घेतला. आतून कापसाचा बोळा निघाला. कुंदनने तो चिमटीत धरून उजेडात पाहिला आणि बाजूला ठेवला. मग बूट दयारामच्या पायात चढवून टाचेमागे बोट घातलं. बोट सरळ आत गेलं.

"दादा, हे बूट की होडी? चवड्यावर उभे राहा बघू."

दयाराम उभा राहिला, टाच बुटातून वर आली.

"हे बघा. तुमचा पाय इथे मोडतो," कुंदनने चवड्याच्या सांध्यावर अंगठा दाबला, "आणि बूट मोडतो इथे, चांगला अर्धा इंच पुढे. पट्टी तुमच्या चवड्याखाली नाहीच आहे. ती पुढे रिकाम्या जागेत लोंबतेय. आधी पाय टेकतो, मग बूट टेकतो. एकाचे दोन होणार नाहीत तर काय? तुमचा पाय वेळेवर येतोय, बूट लेट येतोय."

 सहा महिने दयाराम आपल्या वयाला शिव्या घालत होता.

"आता मोजे काढा. पाय ओला करा आणि या कागदावर ठेवा."

इथे मात्र दयाराम अडला. डॉक्टरलासुद्धा त्याने कधी पाय आपणहून दाखवला नव्हता. पण आठ मात्रा डोळ्यांपुढे होत्या. त्याने मोजे काढले, पाय भिजवून जुन्या वर्तमानपत्रावर ठेवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला.

 दयारामने खाली पाहिलं, तर कुंदन चक्क मांडी घालून खाली बसला होता आणि कागदावरच्या ठशावर बोट फिरवत होता. पाची बोटं सुटी, चवडा भरदार, कुठे चेपलेलं नाही, वळलेलं नाही.

"तीस वर्षं पाय बघतोय," तो हळूच म्हणाला. "बुटाने वाकवला नाही असा पाय मी पहिल्यांदा बघतोय. काय करत होतात लहानपणी?"

"मिठागर तुडवत होतो."

"तरीच. दादा, हा पाय नाचायलाच केलाय. माणसं बोटांवर उभी राहायला जन्म घालवतात, तुमचं प्रत्येक बोट वेगळं उभं आहे." मग त्याने मापाची पट्टी लावली. "लांबी सात."

"सात?" दयाराम किंचाळलाच. "आणि वाढायला जागा?"

"वाढायचंय कुणाला? तुम्हाला?"

दोघेही इतके हसले की शेजारचा छत्रीवाला डोकावून गेला.

रुंदीला पुरेल असा फर्मा, म्हणजे बूट ज्यावर चढवून बांधतात तो लाकडी पाय, कुंदनकडे नव्हता. त्याने सात नंबरच्या लाकडी फर्म्याला दोन्ही बाजूंनी चामड्याचे तुकडे ठोकून तो दयारामच्या पायाएवढा रुंद केला आणि त्यावर बूट बांधले. चामड्याचा तळ, नाडीचे, टाच घट्ट. जुन्या बुटांच्या पट्ट्या काढून, चवड्याच्या सांध्याखाली आणि टाचेखाली नेमक्या येतील अशा स्क्रूने बसवल्या. शुक्रवारी चारनंतर दयारामने ते घातले. बोटं सरळ पसरली, टोकाला जेमतेम लागली, दुमडली नाहीत. चवड्यावर उभा राहिला, टाच जागची हलली नाही.

"थोडं आवळतंय," तो म्हणाला.

"आवळू दे. दुखत नाही ना? चामडं आठवड्यात तुमच्या पायाला ओळखेल. आज सैल घेतलात तर महिन्याने पुन्हा कापूस."

दयारामने दुकानाच्या फरशीवर पाय टाकला.

टक्.

एकच. कोरडा, खणखणीत.  त्याने पुन्हा टाकला. टक्. हा आवाज त्याचा होता यावर त्याचा विश्वास बसेना, म्हणून त्याने तिसऱ्यांदा टाकला, आणि कुंदनच्या हातातली हातोडी हवेतच राहिली.

शनिवारी रुचिराने आठ मात्रा दोनदा ऐकल्या आणि वहीत तिने स्वतःचं नाव लिहिलं होतं ते खोडलं.

नाट्यगृहात पुढच्या रांगेत जनी बसली होती, नवं लुगडं नेसून. मधेच सगळे नाचणारे थांबले. दिवा दयारामवर आला, आणि दिव्याखाली, सगळ्या पनवेलसमोर, त्याचे दोन पाय. आठ मात्रा म्हणजे किती, पाणी प्यायलाही पुरत नाहीत. पण त्या आठ मात्रांत नाट्यगृहात कुणी खोकलं नाही. प्रत्येक मात्रेला एक पाय, प्रत्येक पायाला एक आवाज. आठवी मात्रा पडली आणि त्या शांततेत पुढच्या रांगेतून म्हातारीचा खणखणीत आवाज आला.

"बसली रं दया! आता पानी सोर!"

लोकांना काही कळलं नाही, ते नुसते हसले. दयारामला नाचणाऱ्यांच्या ओळीत परत जायचं होतं आणि डोळ्यांपुढे काही दिसत नव्हतं, पण पाय आपणहून गेले.

पडदा पडल्यावर त्याने विंगेत बूट काढले, मोजे काढले, आणि अनवाणीच खाली आला. लोक बघत होते. त्याने बघू दिलं. जनीच्या पुढ्यात तो पाया पडायला वाकला, तर म्हातारीने पाय झटकन खुर्चीखाली ओढून घेतले, लुगड्याआड. ही लकब त्याच्या चांगल्याच ओळखीची होती. आपल्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं ती हेच करत आली असणार, आणि आपण कधी पाहिलंच नाही, हे त्याला त्या क्षणी कळलं.

त्याने ते पाय हाताने अलगद बाहेर काढले. आखूड, पसरट, पाची बोटं सुटी. आणि त्यांत दोन नंबर मोठी, टाचेला लोंबणारी प्लास्टिकची चप्पल. त्याने ती काढून बाजूला ठेवली आणि त्या पायांवर कपाळ टेकलं. मग वीत लावून मापलं.

"आये, तुजा पन लांबीला कमीच हाय," तो म्हणाला. "उद्या कुंदनकडं जायचं. चारनंतर, सकाली नाय."