उपटलेली मोहरी

हे गेल्यावर आंजी गावातल्या आमच्या शेतात मी कपाशी बंद केली आणि भाजीपाला लावला. एकटीला झेपेल तेवढाच, अर्धा एकर. मुलगा पुण्याला नोकरीला. 'कशाला करतेस हे सगळं?' असं त्यानं एकदा म्हणून पाहिलं, मग म्हणणंही सोडलं.

पहिल्या वर्षी अळीनं पत्ताकोबीची चाळण केली होती. म्हणून दुसऱ्या वर्षी कोबीच्या मधे मधे मोहरीच्या ओळी पेरल्या. अळी आधी मोहरीवर जाते, कोबी वाचते. वाढीसाठी जीवामृत होतं. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन ड्रममध्ये मुरवायचं आणि सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं. ढवळताना मी मोठ्यानं बोलायचे. ऐकायला कोणीच नसायचं.

दिवाळीनंतर मुलगा दोन दिवसांसाठी आला. पहिला दिवस त्याचा फोनवरच गेला. दुसऱ्या दिवशी तो आपणहून शेतावर आला, तेव्हा मला कोण आनंद झाला! त्याला बांधावर बसवून मी जेवण आणायला घरी गेले. परतले तर तो घामानं निथळत होता.

"आई, कित्ती गवत माजलं होतं तुह्या कोबीत! अळ्याच अळ्या. सारं उपटून टाकलं."

बांधावर मोहरीचा ढीग पडला होता. ऐन फुलावर आलेली.

माझा चेहरा पाहून त्यानं विचारलं, "काऊन, बरं नाई केलं का?"

"केलं ना. माह्यानं वाकवत नाई आता."

तो पोटभर जेवला. तळहातावर आलेले फोड त्यानं मला दाखवले, आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला.

मी तो ढीग लांब नेऊन पुरला. तरी आठवडाभरात कोबीच्या पानांना भोकं पडली. निंबोळी अर्क फवारला, जीवामृत पुन्हा पुन्हा दिलं. पाठीवर पंप घेऊन ओळींतून फिरताना वाटायचं, एक शब्द बोलायला हवा होता. पण मोहरीचं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, ड्रमाचं, माझ्या दिवसांचं. ते त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

निम्मा माल हाती लागला. तो वर्ध्याच्या बाजारात विकून आले, त्याच दिवशी त्याचा फोन आला.

"कोबी कशी झाली?"

"चांगली झाली."

"पाह्य, गवत काढलं म्हणून!"

"हो रे," मी म्हणाले.

त्याला मीटिंग होती. फोन बंद झाल्यावर मी काठी घेऊन ड्रम ढवळायला गेले.